रत्नागिरीत मोकळा मिळालेला एक दिवस

रानजाई | ५ मार्च, रात्री ९.५०

मंगळवारी एका कामासाठी रत्नागिरीला गेले होते. साडेदहाची वेळ दिली होती. पोचल्यावर कळलं, ज्यांची सही हवी ते बाहेरगावी आहेत, उद्या या. परतीचं तिकीट बुधवारी रात्रीचं. बॅग लॉजवर, खांद्याला एक पिशवी आणि अख्खा दिवस मोकळा. सोबत कोणी नाही, आधी काही वाचलेलं नाही.

बाहेर आले तर रिक्षावाले काका म्हणाले, "पुळ्याला सोडू का?" (म्हणजे गणपतीपुळ्याला.) म्हटलं, "नको, इथेच फिरते." तर म्हणाले, "इथं काय फिरणार ताई?" चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देते.

जयस्तंभापासून चालायला लागले. गोखले नाका, रामआळी, तिथून विचारत विचारत टिळक आळी. टिळकांचं जन्मस्थान आपण शाळेत पाठ केलेलं असतं: २३ जुलै १८५६, रत्नागिरी. पण त्या उतरत्या कौलांच्या घरात शिरल्यावर पहिलं काय जाणवलं असेल तर गारवा. बाहेर मार्चचं घामट ऊन आणि आत पायाखाली थंडगार जमीन. दहा वर्षांचे होईपर्यंत ते या गावात होते, मग वडिलांची बदली झाली आणि पुण्याला आले. मी पुण्याची. आमच्याकडे टिळक म्हणजे केसरीवाडा. या अंगणात खेळलेला मुलगा मी कधी डोळ्यांसमोर आणलाच नव्हता.

तिथून मांडवी. वाळू काळी! थोडीफार मळकट नव्हे, ओली झाली की तव्यासारखी काळी. जेट्टीजवळ जाळं विणत बसलेल्या एका आजींनी "बस गो बाय, ऊन बघ किती" म्हणून सावलीत जागा करून दिली. त्या म्हणाल्या, हा काळा समुद्र, पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. एका गावाला दोन रंगांचे किनारे, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी बांगड्याची थाळी खाल्ली, त्यात ओल्या काजूगरांची उसळ होती. नंतर थिबा पॅलेस. आणि तिथल्या माणसाने सांगितलं म्हणून शिवाजीनगरला थिबा राजाच्या समाधीवर गेले. इथे मी अडकले. आजूबाजूला घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची दगडी समाधी. दोन मुलं बाजूला क्रिकेट खेळत होती. चेंडू आत आला तो मीच परत टाकला. पाऊण तास तिथे बसले होते. बाकी कोणी आलं नाही.

संध्याकाळी भाट्याच्या पुलावर उभी राहून खाडीत परतणाऱ्या होड्या बघितल्या. काळोख पडल्यावर कुठूनतरी ढोल ऐकू येत होते, शिमग्याची तयारी.

विचारायचं ते असं:
१. एका गावात वाळूचे दोन रंग कसे?
२. थिबाबद्दल अजून काय माहीत आहे तुम्हाला?
३. माझं काय राहिलं? परत जाणार आहे.
आणि तुमच्या वाट्याला असा न ठरवलेला दिवस आला असेल तर तोही लिहा.

चिंगी | ५ मार्च, रात्री १०.०४

मी पयली! काजूगरांच्या उसळीचा फोटो कुठे आहे?

बापूसाहेब_६२ | ५ मार्च, रात्री १०.३०

छान लिहिले आहे. मात्र थोडे असहमत. मी नोकरीनिमित्त रत्नागिरीत चार वर्षे काढली. गाव राहायला उत्तम, पण बघायला आलेल्या माणसाने आरे-वारेच्या रस्त्याने पुळ्याला जावे हेच बरे. तो समुद्रकाठचा रस्ता चुकवून तुम्ही गावातल्या उन्हात भाजत फिरलात, याचे वाईट वाटते. रिक्षावाला तुमच्या भल्याचेच सांगत होता.

खाडीकाठचा | ५ मार्च, रात्री ११.१२

बापूसाहेब, आरे-वारेबद्दल दुमत नाही. पण माझा जन्म राजिवड्याचा आणि लहानपणापासून हेच ऐकतोय: रत्नागिरीला उतरा आणि पुढे जा. पाहुणे आले की आम्हीसुद्धा त्यांना गाडीत घालून पुळ्याला नेतो. माझ्या मुंबईच्या मावसभावाने वीस वर्षांत एकदाही थिबाची समाधी बघितलेली नाही. दोष त्याचा नाही, आम्ही कधी नेलंच नाही.

रानजाईताई, तुमचं राहिलं ते सांगतो. रत्नदुर्ग. भगवतीचा किल्ला म्हणतो आम्ही. घोड्याच्या नालासारखा समुद्रात घुसलाय. वर भगवतीचं देऊळ, सिद्ध बुरुजावर दीपगृह. दीपगृह दुपारनंतर ठरावीक वेळच उघडतात, ती वेळ साधून जा. वरून एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर दिसतं, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. जाता-येता पेठकिल्ल्याच्या रस्त्यावर मत्स्य संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा बघा. शाळेतून आमची सहल तिथेच जायची, तरी दर वर्षी तोंडाचा आ व्हायचा.

बेसाल्ट | ६ मार्च, सकाळी ७.४०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हा माझा विषय.

कोकणातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात लोह आणि टायटॅनियम असलेली खनिजं असतात, मुख्यतः मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट. दगड झिजतो, त्याचा जांभा होतो, पावसाळ्यात नद्या सगळा चुरा समुद्राकडे आणतात. ही खनिजं रंगाने काळी आणि वजनाला जड. लाटा आणि प्रवाह हलके कण उचलून नेतात, जड मागे राहतात. धान्य पाखडताना सुपात जे होतं तेच. म्हणून रत्नागिरीच्या पट्ट्यात काही किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे थर साचतात. इथल्या इल्मेनाइटचा भूशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केलाय.

मधलं टेकाड समुद्रात घुसलेलं असल्यामुळे दोन बाजूंना लाटांचं वागणं वेगळं. पलीकडे शिंपल्यांचा चुरा आणि फिकट कण जास्त, म्हणून पांढरा समुद्र.

पुढच्या वेळी एक साधं लोहचुंबक कागदात गुंडाळून न्या आणि मांडवीच्या कोरड्या वाळूतून फिरवा. काळ्या कणांची मिशी फुटेल. ते मॅग्नेटाइट. इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारसं दाद देत नाही. कागद काढला की वाळू आपोआप गळते, चुंबक खरवडत बसावं लागत नाही.

दोन_मुलांची_आई | ६ मार्च, सकाळी ९.१५

बेसाल्ट, चुंबकाची कल्पना उचलली! मे महिन्यात माहेरी चिपळूणला जाणारच आहोत.

मोकळ्या दिवसाबद्दल मात्र हेवा वाटला. मुलं झाल्यापासून नऊ वर्षांत माझा एकही दिवस असा गेला नाही की पुढच्या तासाला काय ते ठरलेलं नाही. डबा, औषध, झोपेची वेळ. तुम्ही पाऊण तास एका जागी नुसत्या बसलात ना, ते वाक्य मी तीनदा वाचलं.

रुळावरून | ६ मार्च, सकाळी ११.००

ताई दिवसा रेल्वेने गेल्या असत्या तर अजून मजा. चिपळूणकडून येताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. मुलं श्वास रोखून धरायची पैज लावतात, कोणाला जमत नाही. आणि रत्नागिरीच्या पुढे गेलात की पानवलचा पूल. ६४ मीटर उंच. खिडकीतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. १९९८ पासून हा मार्ग पूर्ण सुरू आहे. त्याआधी मुंबईहून रत्नागिरी म्हणजे एसटीत रात्रभर कंबर मोडणं.

बापूसाहेब_६२ | ६ मार्च, सकाळी ११.२५

आणि त्याही आधी बोट! माझे वडील भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर उतरवायचे. ते म्हणत, पडावात उतरताना ज्याच्या हातून ट्रंक सुटली नाही तो खरा कोकणी.

चिंगी | ६ मार्च, सकाळी ११.३१

काका, यावर वेगळा धागा काढा ना. प्लीज.

इरावती | ६ मार्च, दुपारी ३.४८

दुसऱ्या प्रश्नासाठी खास लॉगिन केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, यांगूनला होतो.

थिबा १८७८ मध्ये गादीवर आला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजा-राणीला बोटीत बसवून नेलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. वय जेमतेम सत्तावीस. आपण जो पॅलेस बघतो तो १९१० मध्ये पुरा झाला, म्हणजे त्याआधीची जवळपास चोवीस वर्षं ते गावातल्या बंगल्यांत राहिले. स्वतःच्या वाड्यात राजाला सहा वर्षंच मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. पट्टराणी सुपयालात आणि मुली १९१९ मध्ये परत ब्रह्मदेशात गेल्या, राजा मात्र इथेच राहिला. समाधीत त्याच्याबरोबर धाकटी राणी आहे, ती त्याच्या आधी चार वर्षं वारली होती.

मंडालेला आम्ही राजवाडा बघायला गेलो. मूळ लाकडी राजवाडा दुसऱ्या महायुद्धात जळाला, आज आहे तो नंतर बांधलेला. पण मूळ वाड्यातली एक इमारत वाचली. थिबाच्या वडिलांचा, मिंडोन राजाचा मृत्यू त्या दालनात झाला होता, म्हणून थिबाने ती राजवाड्याबाहेर हलवून तिचा मठ केला. श्वेनान्डॉ. सागवानावरचं कोरीवकाम बोटाने चाचपत फिरावं असं आहे. बापाच्या आठवणीने उचलून बाहेर ठेवलेली तेवढी वास्तू आगीतून सुटली.

आणि यांगूनला बहादूरशहा जफरची कबर आहे. इंग्रजांनी दिल्लीच्या बादशहाला १८५८ मध्ये तिकडे पाठवलं, १८६२ मध्ये तो तिथेच गेला. खरी कबर कुठे होती ते पुढे कोणाला ठाऊक राहिलं नव्हतं, १९९१ मध्ये खोदकामात सापडली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे फुलं होती, उदबत्त्या होत्या, माणसं बसलेली होती. आणि मला आपली रत्नागिरीची समाधी आठवून लाज वाटली. माझं आजोळ रत्नागिरीचं आहे. खरं सांगते, मी तोवर तिथे गेलेच नव्हते.

खाडीकाठचा | ६ मार्च, संध्याकाळी ६.२०

इरावतीताई, नमस्कार तुम्हाला. एक जोडतो. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. तिची मुलगी टूटू सगळा जन्म रत्नागिरीत राहिली, २००० मध्ये गेली. अगदी साधा संसार होता. माझी आई सांगते, अस्सल रत्नागिरीचं मराठी बोलायच्या. राजाची नात आहे हे बोलण्यावरून कोणाला कळलं नसतं.

२०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन समाधीवर येऊन गेले. त्या दिवसांत गावात सगळ्यांच्या तोंडी थिबा होता. पुन्हा विसरले.

सुनीत | ६ मार्च, संध्याकाळी ७.०५

राजाबद्दल सहानुभूती ठीक, पण त्याच्या गादीवर येण्याच्या वेळी भावंडांची जी कत्तल झाली तीही सांगा. सगळा दोष इंग्रजांचा आणि राजा बिचारा, असं चित्र नको.

इरावती | ६ मार्च, रात्री ८.३३

सुनीत, बरोबर आहे, सांगायला हवं होतं. गादीला दावेदार नकोत म्हणून राजघराण्यातल्या कित्येकांना मारलं. तेव्हा थिबा विशीच्या आतबाहेर होता, सूत्रं सुपयालातच्या आईच्या आणि दरबाऱ्यांच्या हातात होती असं मानतात, पण राजा तोच होता. तरीही मला त्या समाधीजवळ जावंसं वाटतं. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवून जाते.

रानजाई | ६ मार्च, रात्री ९.१०

इरावतीताई, त्या दिवशी मी समाधीपाशी बसले तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं. फक्त वाटत होतं, या माणसाला रोज खाडी दिसत असणार, होड्या जाताना दिसत असणार, आणि त्यातल्या एकीतही बसता येत नसणार. पॅलेसच्या वरच्या मजल्यावर उभं राहिलं की हेच मनात येतं.

बेसाल्ट, धान्य पाखडण्याचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे मला शाळेत असं का नाही सांगितलं कोणी.

अपूर्वा_नाशिक | ६ मार्च, रात्री १०.४५

एक सरळ प्रश्न. एकटी बाई म्हणून कसं वाटलं? मला जायचंय, घरातले नको म्हणतात.

रानजाई | ६ मार्च, रात्री ११.०२

अपूर्वा, दिवसभरात एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. चौकश्या मात्र भरपूर. कुठून आलात, एकट्याच, जेवलात का. आजींनी तर लग्न, मुलं, पगार, सगळं विचारून घेतलं! पुण्यात कोणी इतकं विचारलं असतं तर मी चिडले असते, तिथे राग आला नाही. काळोख पडल्यावर भाट्याच्या बाजूला सुरूच्या बनात मात्र एकटी गेले नाही, पुलावरूनच मागे फिरले. लॉज गजबजलेल्या रस्त्यावरचं घेतलं होतं. शहर बस रहाटाघर स्टँडवरून सुटतात, त्यांत बायका-मुली भरपूर असतात, मी बसनेच फिरले.

खाडीकाठचा | ६ मार्च, रात्री ११.२०

यात एक भर. पाण्यात उतरायचं असेल तर मांडवीला नको, खडक आहेत. ओहोटी-भरतीची वेळ किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा, सगळे सांगतात. बाहेरच्या माणसांचे अपघात न विचारल्यामुळे होतात, दरवर्षी एखादी बातमी येतेच आणि पोटात कालवतं.

ओलाचिंब | ७ मार्च, सकाळी ८.३०

माझा असा दिवस वेंगुर्ल्याचा. गाडी बिघडली, मेकॅनिक म्हणाला पार्ट कुडाळहून येणार, संध्याकाळ होईल. चिडून बंदरावर जाऊन बसलो. एका म्हाताऱ्या बाबांनी समोरचे खडक दाखवले, म्हणाले तिथल्या गुहेत पाकोळी पक्षी घरटी करतात. संध्याकाळी गाडी तयार झाली तेव्हा निघावंसं वाटेना. मेकॅनिकला म्हटलं, उद्या घेतो.

बापूसाहेब_६२ | ७ मार्च, सकाळी १०.१०

काल रात्री सौ.ना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "चार वर्षं राहिलो, पतितपावन मंदिरात मी दर शनिवारी मैत्रिणींबरोबर जायचे, तुम्ही एकदा तरी आलात का?" खरे आहे. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि १९३१ मध्ये हे मंदिर सर्व जातींसाठी खुले झाले. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, ते आणि कीर दोघेही या कामात होते. ज्या काळात देवळाच्या पायरीशी माणसे अडवली जात होती त्या काळातले हे काम. मी ऑफिसला जाता-येता त्यावरून जात होतो. माझे आधीचे मत मागे घेतो.

खाडीकाठचा | ७ मार्च, सकाळी १०.२२

बापूसाहेब, _/\_ वहिनींना नमस्कार सांगा.

कातळवेडा | ७ मार्च, दुपारी १.१५

राहिलेल्या गोष्टींत कातळशिल्पं घाला. रत्नागिरीभोवतीच्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या माळांवर) जांभ्यात कोरलेल्या प्राण्यांच्या, माणसांच्या आकृत्या आहेत. उक्षीला हत्ती आहे, स्टेशनही आहे तिथे. कशेळीला तर प्रचंड मोठा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात शार्क, वाघ असे कितीतरी प्राणी कोरलेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पिढ्यान्‌पिढ्या गुराखी त्यांच्यावरून चालत होते. हात जोडून विनंती: चपला बाहेर काढा, रेषांवर पाय देऊ नका, खडूने रेषा उठवू नका. फोटोसाठी खडू मारलेलं मी बघितलंय आणि फार त्रास झाला.

दोन_मुलांची_आई | ७ मार्च, दुपारी २.०५

मुलांना आधीच सांगून ठेवते. पण हे सगळं एका दिवसात बसणार नाही हो.

कातळवेडा | ७ मार्च, दुपारी २.११

नाही बसत. म्हणूनच एका दिवसात एकच.

खाडीकाठचा | ८ मार्च, रात्री ९.३०

पांढऱ्या समुद्राबद्दल कालपासून लिहायचं होतं. आमच्या लहानपणी तिथे पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, रुंद होती, कबड्डीचे डाव मांडायचो. पावसाळ्यात समुद्र आत आत येत गेला, मिऱ्याकडे धुपीसाठी बंधारे घालावे लागले. आता पुळण फार थोडी राहिलीय. रानजाईताई, तुम्ही परत याल तेव्हा सर्वांत आधी तिथे जा. किल्ला कुठे जात नाही.

आणि जमलं तर शिमग्यालाच या. भैरीबुवा म्हणजे आमच्या बारा वाड्यांचा अधिपती, त्याची पालखी निघाली की सगळं गाव रस्त्यावर. झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या ओट्यावर, पालखी बसते. तुम्ही ऐकलात ते ढोल त्याचेच असणार.

रानजाई | ८ मार्च, रात्री १०.१५

शिमग्याची सुट्टी मिळाली! आईला घेऊन येतेय. पहिल्या दिवशी सकाळी पांढरा समुद्र, दुपारी समाधीवर फुलं. बाकी काही ठरवत नाही.

बेसाल्ट, चुंबक जुन्या स्पीकरमधलं चालेल का?

बेसाल्ट | ८ मार्च, रात्री १०.४०

उत्तम चालेल, जोरदार असतं. फक्त फोनपासून लांब ठेवा आणि कागद दुहेरी घ्या.

खाडीकाठचा | ८ मार्च, रात्री १०.५८

ताई, आई मासे खातात का तेवढं कळवा. माझ्या आईने विचारलंय.